मीठ पायाखाली येऊ नये म्हणून

तुमच्या दारात कुणी बर्फावरून घसरून पडलं, तर तुमची नजर आधी कुठे जाईल? पडलेल्या माणसाकडे, की समोरच्या घराच्या बेलमध्ये बसवलेल्या कॅमेऱ्याकडे? उत्तराची घाई करू नका. मी हे उत्तर फार पटकन देणाऱ्यांतली होते, म्हणून सांगते.

आम्ही राहतो त्या दक्षिणेकडच्या मॉरिसव्हिलला बर्फ क्वचित पडतो. ज्यांनी बोस्टन किंवा शिकागोत हिवाळे काढलेत, ते आमच्या बर्फाला हसतात. तीन इंच पडणार अशी नुसती बातमी आली, की दुकानांतून दूध आणि ब्रेड गायब होतो, देशी दुकानातून कोथिंबीर आणि मॅगी. आदल्या दुपारीच शाळा बंद झाल्याचा मेसेज येतो. ऑफिसं म्हणतात, घरून काम करा, आणि त्या दिवशी घरून कुणीही काम करत नाही. वर्षभर हायवेवर, मीटिंगांत आणि व्हिसाच्या काळजीत पिळून निघालेल्या माणसांना एक दिवस फुकट मिळतो. या दिवसाइतका निर्मळ आनंद मी या देशात दुसरा पाहिलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की मला बर्फ आवडत नसेल. मला बर्फ फार आवडतो. त्या दिवशीही आवडला होता, अगदी संध्याकाळपर्यंत.

मी माझ्या सख्ख्या भावाकडे राहते. दादा, वहिनी आणि त्यांची सात वर्षांची मुलगी. आदल्या दिवशी भाचीने पायजमा उलटा घातला आणि उशीखाली चमचा ठेवला. इथल्या पोरांची समजूत आहे, असं केलं की बर्फ नक्की पडतो. वहिनीने हसत हसत तिला पायजमा उलटा करून दिला आणि त्याचा फोटोही काढला. सकाळी पडदा सारला तर अंगण, गाड्या, कचऱ्याचे डबे, सगळं एकसारखं पांढरं. आमच्या ओळीतली सगळी घरं एरवी एकाच साच्यातली आणि कंटाळवाणी दिसतात. त्या दिवशी ती नुकतीच कुणीतरी मन लावून केल्यासारखी दिसत होती.

भाची धावत बाहेर गेली. मी कोकम आगळाची बाटली घेऊन तिच्यामागे. वाटीत स्वच्छ बर्फ भरायचा, वरून कोकम ओतायचं आणि चमच्याने खायचं. तिचे ओठ जांभळे झाले. समोरच्या दारातून नागपूरचे काका ओरडले, "काय बाप्पा, सकाळी सकाळी गोळ्याची गाडी लावली का? एक काला खट्टा इकडे पण येऊ द्या!" काका आमच्या ओळीतले सगळ्यात जुने रहिवासी, आणि कुणाचीही फिरकी घेणं हा त्यांचा छंद. वहिनी खिडकीतून म्हणाली, "काका, तुम्हाला शुगर आहे, तुम्ही नुसता बर्फ खा."

दहाच्या सुमाराला ठरलं, की आज पाच घरांनी मिळून आमच्याकडे जेवायचं. आणि जेवण म्हणजे मावशींचं भरीत आणि कळण्याची भाकरी.

मावशी आमच्या डब्याच्या मावशी. मूळच्या जळगावच्या, वय साठीच्या आसपास. मुलीच्या बाळंतपणासाठी इथे आल्या होत्या. पुढे मुलगी आणि जावई नोकरीसाठी टेक्सासला, फ्रिस्कोला गेले. मावशी गेल्या नाहीत. त्या एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये एकट्या राहायच्या, आठ-दहा घरांना डबे द्यायच्या आणि स्वतःची जुनी गाडी स्वतः चालवायच्या. मी एकदा विचारलं होतं, मुलीकडे का नाही जात? त्या म्हणाल्या, "जावई सोन्यासारखा आहे. पण त्याच्या घरात मी चार दिवस आई असते, पाचव्या दिवसापासून बेबीसिटर. इथे माझ्या दाराची किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. ती किल्ली आहे तोवर मी आहे, पोरी." त्यांना मरणाची भीती नव्हती, म्हातारपणाची नव्हती. त्यांना भीती होती ती फक्त फ्रिस्कोच्या त्या खोलीची. आम्हा सगळ्यांना हे माहीत होतं.

वहिनीने फोन स्पीकरवर टाकला. "मावशी, बर्फ एन्जॉय करताय ना? ऐका ना, आज भरीत होईल का? पंधरा जणांचं. मेन रोड क्लिअर केलाय म्हणतात."

"वांगी आहेत. पण आतले रस्ते कसे आहेत?"

"अहो, काही नाही. हळूहळू या. नाहीतर मग आम्ही पिझ्झाच करतो बेक."

बर्फाच्या दिवशी पिझ्झा. मावशींना ते सहन होणार नाही, हे वहिनीला पक्कं ठाऊक होतं. मावशी हसल्या. "नको नको, येते मी. मला पण तुमच्या पोरीचा बर्फाचा बाहुला बघायचाय."

पुढे आम्ही सगळ्यांनी हेच वाक्य वापरलं. त्याच म्हणाल्या, येते. त्यांनाच बर्फ बघायचा होता.

आता पायऱ्या. आमच्या दाराला सिमेंटच्या चार पायऱ्या आहेत आणि कठडा नाही. दादा म्हणाला, "मावशी यायच्या आत जरा साफ कर." घरात फावडं नव्हतं. तीन वर्षांतून एकदा पडणाऱ्या बर्फासाठी इथे फावडं कुणी घेत नाही. मी केराची सुपली आणि केकचा ट्रे घेऊन भुसभुशीत बर्फ खरवडला. खाली पातळ, चिवट थर राहिला. बर्फावर टाकायचं मीठ दुकानांत दोन दिवस आधीच संपलं होतं. म्हणून मी पँट्रीतली स्वयंपाकाच्या मिठाची मोठी पिशवी उचलली.

"ए! ते कुठे घेऊन चाललीस?" वहिनी ओट्यापासून वळली.

"पायऱ्यांवर टाकते."

"दारात मीठ? लोक तुडवत येणार त्याच्यावरून? ठेव ते आधी."

"वहिनी, इथे सगळा देश दारात मीठ टाकतो."

"ते वेगळं मीठ. हे खायचं आहे. सांडलेलं मीठ वर गेल्यावर पापण्यांनी वेचावं लागतं, माहितीय ना?"

"मग मी वेचीन. माझ्या पापण्या जाड आहेत."

"तू वेचशील, पण घर माझं आहे."

मी ज्या घरात वाढले, तिथे पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. वडील शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं काढायचे. पाण्यासाठी, मजुरीसाठी, भोंदूबाबांविरुद्ध. पापण्यांनी मीठ वेचण्यासारख्या समजुतींवर तर त्यांचं एक आख्खं पत्रक होतं. त्याच्या घड्या मी घातल्या होत्या. वहिनीला उत्तर द्यायला माझ्याकडे शब्द कमी नव्हते. पण भांडण नको होतं. स्वयंपाकघरात छान वातावरण होतं, चहा उकळत होता, भाची बाहुल्यासाठी गाजर मागत होती. मी पिशवी जागेवर ठेवली. उलट्या पायजम्याचा विषयही काढला नाही.

त्याऐवजी मी दोन मोठी पातेली भरून पाणी उकळलं आणि पायऱ्यांवर ओतलं.

ते दृश्य मात्र सुंदर होतं. वाफेचा ढग उठला, चिवट थर विरघळून गेला आणि पायऱ्या दिवाळीच्या सकाळी धुतल्यासारख्या काळ्याभोर दिसू लागल्या. भाचीने टाळ्या वाजवल्या. मी फोटो काढून आमच्या ओळीतल्या घरांच्या ग्रुपवर टाकला. वहिनीने तोच मावशींना पाठवला आणि खाली लिहिलं, "बघा, तुमच्यासाठी गरम पाण्याने पायऱ्या धुतल्यात. या आता!"

पाणी गोठायच्या खाली पारा पार उतरलेला असताना सिमेंटवर पाणी ओतलं तर त्याचं काय होतं, हे शाळेतल्या पोरालाही सांगता येईल. आम्ही तीन प्रौढ माणसं, त्यातले दोघं इंजिनिअर. कुणाच्याही डोक्यात आलं नाही. लहानपणापासून दारात पाणी टाकणं म्हणजे स्वच्छता, स्वागत. ते पाणी उलटू शकतं हे आमच्या अंगात भिनलेलंच नव्हतं.

मावशी साडेबाराला आल्या. तोवर पाच घरांतली माणसं आमच्या अंगणात जमली होती. बाहुला छातीपर्यंत झाला होता. मावशींनी गाडी लावली, स्वेटरवरून स्कार्फ गुंडाळला होता, पायात साधे कापडी बूट. एका हातात भरताचा मोठा डबा छातीशी धरलेला. त्यांनी आधी वाकून मूठभर बर्फ उचलला, गालाला लावला आणि म्हणाल्या, "अगं माय, केवढा हलका!" मग पहिली पायरी चढल्या. दुसरी चढल्या. तिसरीवर त्यांचे पाय त्यांच्या पुढे निघून गेले.

आम्ही हसलो. हे मी लपवणार नाही. दोन-चार सेकंद सगळं अंगण हसलं. काका ओरडले, "मावशी, डान्स आधी का जेवण आधी?" आणि मग, त्या खालच्या पायरीवर बसल्यात आणि डबा अजून छातीशी आहे हे बघून, "वा! पडल्या पण डबा नाही सोडला बाप्पा!" कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

डबा सोडला नाही, म्हणूनच सगळा भार उजव्या मनगटावर आला होता.

वहिनी धावली. तिने आधी डबा घेतला. मी तिला नावं ठेवणार नाही, कारण मी तोवर समोरच्या बेलच्या कॅमेऱ्याकडे बघत होते.

मावशींना आत सोफ्यावर बसवलं. हातावर फ्रीझरमधली मटारची पिशवी ठेवली. मनगट सुजून वांग्यासारखं झालं होतं. असं म्हटल्यावर त्या स्वतःच हसल्या. "आज वांग्याचाच दिवस आहे." मग म्हणाल्या, "भरीत गार होईल. खाऊन घ्या आधी."

आम्ही खाऊन घेतलं. त्या घरात त्या वेळी पंधरा माणसं होती. एकानेही "नको, आधी डॉक्टर" असं म्हटलं नाही. भरीत अप्रतिम झालं होतं. वर कच्च्या तेलाची धार, हिरव्या मिरचीचा ठेचा, खिडकीबाहेर बर्फ. काहींनी दोनदा घेतलं. मावशींना वहिनीने डाव्या हातात चमचा दिला. मला त्या जेवणात मजा आली, आणि ती कशाने कमी झाली नाही. माणूस एका डोळ्याने सुजलेला हात बघत दुसऱ्या डोळ्याने ठेच्याची वाटी शोधू शकतो. फक्त भाची मध्येच येऊन मावशींजवळ उभी राहिली. "आत्या, शी इज क्राइंग," ती मला म्हणाली. मावशी म्हणाल्या, "नाही ग, ठेचा तिखट आहे." त्यांनी ठेचा घेतला नव्हता.

दोन वाजता दादाने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"तो फोटो ग्रुपवरून डिलीट कर."

"कुठला?"

"पायऱ्यांचा. आत्ता कर. आणि काकांशी मी बोललोय, त्यांच्या कॅमेऱ्यात काही राहणार नाही."

"दादा, त्यांचं मनगट मोडलंय बहुतेक."

"म्हणूनच सांगतोय. इथे लोक पायरीवरून पडले की केस करतात. माझं ग्रीन कार्ड अकरा वर्षं लाइनमध्ये आहे. कोर्टबिर्ट काही नको मला. तुला माहितीय ना, एक कागद इकडचा तिकडे झाला तर आपण सगळे घरी."

"मावशी केस करतील असं वाटतं तुला?"

"मावशी नाही करणार. मुलगी करेल. जावई करेल."

दादा दुष्ट नाही. तो अकरा वर्षं घाबरलेला आहे, आणि इतकी वर्षं घाबरलेला माणूस काहीही करू शकतो. मी फोटो डिलीट केला.

मग आम्ही दोघं मावशींना अर्जंट केअरच्या दवाखान्यात घेऊन गेलो. गाडीत दादा आरशात बघत म्हणाला, "मावशी, तिथे विचारतील कुठे पडलात. आमच्याकडे पडलात म्हटलं की पन्नास फॉर्म, इन्शुरन्स, इन्क्वायरी. उगाच तुम्हालाच त्रास. घरी पडले म्हणा, म्हणजे पटकन सुटाल."

मावशी खिडकीतून बाहेर बघत होत्या. रस्त्याकडेची पाइनची झाडं बर्फाने वाकली होती.

काउंटरवर फॉर्म मी भरला, कारण त्यांचा उजवा हात चालत नव्हता. पेशंटशी तुमचं नातं काय, असा एक चौकोन होता. मी वर्षानुवर्षं त्यांना मावशी म्हणत आले. डबा उशिरा आला तरी मावशी, तिखट जास्त झालं तरी मावशी. त्या चौकोनात मी ‘भाची’ लिहिलं. ते प्रेमाने लिहिलं नाही. भाचीने सांगितलेलं लोक पटकन खरं मानतात, म्हणून लिहिलं.

आत नर्सने विचारलं, कुठे पडलात, कशा पडलात? मावशींना इंग्रजी समजतं, पण बोलताना त्या अडखळतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती नव्हती. मी काय बोलते ते त्या बघत होत्या, एवढंच. मी म्हणाले, त्यांच्या घरी. आणि थांबले असते तरी चाललं असतं. पण नर्स अजून लिहीत होती, म्हणून मी पुढे जोडलं: किचनमध्ये, फरशी ओली होती, स्टोव्हपाशी.

किचन दादाने सांगितलं नव्हतं. स्टोव्हही नाही. ते माझं. लिहिणाऱ्या माणसाला माहीत असतं, की एक तपशील घातला की गोष्ट खरी वाटते. मावशींनी ‘किचन’ आणि ‘स्टोव्ह’ हे दोन शब्द ऐकले आणि मान हलवली. नर्सने टाइप केलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. प्लास्टर आठ आठवडे.

आम्ही त्यांना घरी सोडलं, त्यांच्या फ्रिजमध्ये उरलेलं भरीत ठेवलं आणि परत आलो. बाहुला अजून उभा होता. भाचीला घेऊन मी संध्याकाळपर्यंत उतारावर घसरगुंडी खेळले. स्लेड नव्हती, म्हणून केकचा तोच ट्रे घेतला.

चार दिवसांनी मावशींची मुलगी फ्रिस्कोहून आली. तिने अर्जंट केअरचा कागद वाचला. पुढचं मला मावशींनीच फोनवर सांगितलं.

"ती म्हणते, आई, तू किचनमध्ये पडतेस, तेही स्टोव्हपाशी. उद्या पेटता गॅस असेल. तू आता एकटी राहू शकत नाहीस."

"तुम्ही सांगा ना तिला खरं काय ते."

"सांगितलं. ती म्हणते, कागदावर तर वेगळंच आहे. तिला वाटतं, फ्रिस्कोला यायचं नाही म्हणून मी बनवून सांगतेय. जावई फोनवर म्हणाला, आई विसरायला लागल्यात का हेही दाखवून घ्या." मग त्या म्हणाल्या, "मी केस करणार नाही, पोरी. तुझ्या दादाला सांग, देवाशपथ नाही करणार. मला फक्त दोन ओळी लिहून दे. तुमच्या पायरीवर पडले, एवढंच. खाली तुझी सही."

मी म्हटलं, हो, उद्या देते.

दादा म्हणाला, "लेखी? वेड लागलं का तुला?" वहिनी म्हणाली, "त्यांना आराम मिळेल की मुलीकडे. या वयात किती दिवस भाकऱ्या थापणार?" आणि मी उद्या म्हटलं, परवा म्हटलं. मी खरडे केले. एक नाही, चार. प्रत्येक पुसला. त्याच आठवड्यात मी बर्फात डिलिव्हरी करणाऱ्या माणसांच्या हक्कांवर एक सणसणीत लेख लिहिला. पूर्ण नावाने, एका बैठकीत. माझी वाक्यं धारदार आहेत असं लोकांनी कळवलं. ग्रुपवर काकांनी मुठीची इमोजी टाकली.

तीन आठवड्यांनी मी कागद घेऊन मावशींकडे गेले. दार मुलीने उघडलं. आत खोकी होती. भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलेलं, मसाल्याचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळलेले. मावशी खुर्चीवर बसल्या होत्या, हात गळ्यात. त्यांनी डाव्या हाताने चष्मा लावला आणि कागद वाचला. मी लिहिलं होतं: ‘बर्फाच्या दिवशी आमच्या घरी जेवणासाठी आल्या असताना पायरीवर बर्फ जमला होता आणि त्यावरून मावशी घसरल्या.’

त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं.

"बर्फ जमला होता. कुणी जमवला?"

मी खोक्यांकडे बघितलं.

"वहिनीने मला फोटो पाठवला होता, गरम पाण्याने पायऱ्या धुतल्याचा. तुम्ही सगळीकडून काढून टाकला असेल, पण माझ्याकडे आहे. फोटोत पायऱ्या आहेत, मी नाही. म्हणून तर लिहून मागितलं." त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. "आणि डॉक्टरकडे किचन कुणी म्हटलं? ते यात कुठंय? एवढी लिहिणारी तू. साऱ्या जगाला नावानिशी झोडपतेस. या कागदात तू कुठेच नाहीस."

त्यांच्या रिकाम्या ओट्यावर कागद ठेवून मी नव्याने लिहिलं. मी पायऱ्यांवर गरम पाणी ओतलं. त्याचा बर्फ झाला. मावशी त्यावरून पडल्या. नर्सला मी खोटं सांगितलं. किचन हा शब्द माझा. खाली सही केली. याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मुलीने उभ्या उभ्याच वाचलं. ती इथेच शिकलेली, पण मराठी स्वच्छ वाचते. चेहरा बदलला. तिने आईकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. मग मला म्हणाली, "या चार ओळींना तुला तीन आठवडे लागले?"

"सॉरी."

"परवाचं तिकीट आहे. अपार्टमेंट सोडल्याचं लिहून दिलं मागच्या सोमवारी. एक तारखेला दुसरी फॅमिली येतेय. तू मागच्या रविवारी आली असतीस ना, तर मी सही केली नसती." तिने कागदाची घडी घातली. "मी आईला खोटारडी म्हटलं. तीन आठवडे रोज म्हटलं."

मावशी म्हणाल्या, "जाऊ दे." पण ते मला नव्हतं. ते मुलीला होतं. माझ्याशी त्या त्या दिवशी आणखी एकच वाक्य बोलल्या. दाराशी पोचल्यावर म्हणाल्या, "पाण्याचं मी कधीच मनावर घेतलं नव्हतं. न कळून झालं ते."

आता त्या फ्रिस्कोला आहेत. मनगट जुळलं, पण भाकरी थापता येईल असं वळत नाही. या हिवाळ्यात तिथेही बर्फ पडला. मी फोन केला. त्यांनी उचलला, हे त्यांचं मोठेपण. "बघितला," त्या म्हणाल्या, "खिडकीतून. जावई बाहेर जाऊ देत नाही. काळजीच करतो बिचारा. दार आतून लॉक असतं, कोड मला लक्षात राहत नाही असं त्यांना वाटतं." मागून नातवाचा आवाज आला आणि त्यांनी फोन ठेवला.

इथेही पडला. आम्ही खेळलो. बर्फाचा आनंद सोडा असं मी कुणाला सांगणार नाही, मला स्वतःला ते जमलेलं नाही. पण तुम्हाला एक काम सांगते आणि ते तुम्ही करावं अशी माझी मागणी आहे. तुमच्या चुकीमुळे कुणाचं काही मोडलं असेल आणि ती चूक कागदावर त्या माणसाच्या नावाने लागली असेल, तर हा लेख इथेच ठेवा आणि लिहायला बसा. पहिला शब्द ‘मी’ असू द्या. काय केलंत ते लिहा, काय खोटं बोललात ते लिहा, सही करा. आणि ज्याचा त्या माणसावर विश्वास उरलेला नाही, त्याच्या हातात तो कागद आज नेऊन द्या. येत्या रविवारी नको.